काळ्या चिंचोक्यांचे आठ

“बाईंना खेळायला येत न्हाई, आन् आपल्यालाच शिकिवत्यात!”

सिंधू व्हरांड्यात मैत्रिणीला सांगत होती. मी दाराआड, हातात खडूचा डबा. बाहेर जावं की थांबावं, कळेना. थांबले.

शेवगाव तालुक्यातली माझी ही पहिलीच शाळा. मी नगरला इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली. ‘पाऊणशे’ ऐकलं तरी मनात हिशेब करायची. तिसरीतल्या मुली पाटीवरच्या बेरजेला रडायच्या, पण मधल्या सुट्टीत चिंचोक्यांचा डाव मांडला की धडाधड तोंडी बेरजा. चिंचोका फोडून दगडावर घासायचा : एक बाजू पांढरी, एक काळी. असे चार टाकायचे आणि पडेल त्या दानाइतकी घरं चालायची. मी तोच डाव गणिताच्या तासाला आणला. जितके पांढरे, तितके मिळवायचे. चारही काळे पडले की मी फळ्यावर शून्य लिहायची. वर्ग खुसखुसायचा. का, ते विचारायचा धीर झाला नाही.

“बाई, उद्या दिपोटी येतायत,” हेडमास्तर म्हणाले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. “त्यांना पटलं तर खेळ ठेवा. नाहीतर चिंचोके चुलीत.”

साहेबांनी स्वतःच दान टाकलं. चारही काळे.

“किती?”

“आठ!” अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. चिंचोके चार, पांढरा एकही नाही. आठ आले कुठून?

“बाई, हे शिकवता?”

सिंधू उठली. “सायेब, समदे काळे पडले की आठच अस्त्यात. बाईंना ठावं न्हाई. आमी मनात आठ धरतो.”

“आणि फळ्यावर?”

“फळ्यावर बाईंचं शून्य.”

“म्हणजे एक गणित मनात, एक फळ्यावर! हेडमास्तर, बंद करा हे.”

दुसऱ्यांचा खेळ वर्गात आणायचा तर नियम आधी विचारावेत, एवढं मला त्या क्षणी कळलं. बाकी सगळा गोंधळच होता. सिंधू चिंचोके परकरात गोळा करत पुटपुटली, “आठावर तर पुन्यांदा टाकायचं आस्तं.”

साहेब दाराशी पोचले होते. ते परत फिरले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि खेळ वर्गात राहिला, तो माझ्या एका वाक्यामुळे. आवाज माझाच होता का, अजून शंका येते.

“साहेब, आठ पडलेत. पुन्हा टाका, डाव तुमचाच आहे.”