जहाजाच्या शेपटीकडचं बाक

गल्लीतले सगळे माझ्या नवऱ्याला कप्तान म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. जहाजावर त्यांनी सोळा वर्षं काढली हे खरं आहे, पण ती काढली जहाजाच्या पोटात, लाँड्रीत. पांढऱ्या चादरी, पांढरे टॉवेल, जेवणाच्या टेबलावरचे पांढरे रुमाल, आणि हे सगळं धुणारी, वाळवणारी, दाबणारी यंत्रं. वर प्रवासी ऊन खात पडलेले असायचे आणि खाली कप्तान त्यांच्या चादरींना इस्त्री मारत असायचे. सुट्टीवर घरी आले की इतके फिकट दिसायचे, की माझी आई मला हळूच विचारायची, जावईबापू जहाजावर असतात की दवाखान्यात.

आता आमच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान आहे. वाफेचं एक मोठं यंत्र, जुनं ब्लँकेट अंथरलेलं टेबल, छताखालच्या नळीला टांगलेले गिऱ्हाइकांचे शर्ट. मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. कप्तान बोलतात कमी, पण हात थांबत नाहीत. दिसेल त्याची घडी घालायची सवय. किराण्याच्या पिशव्या, वर्तमानपत्र, विजेचं बिल, काहीही. माझ्याशी भांडतानासुद्धा ते हातात टॉवेल घेतात, त्यामुळे आमचं भांडण मिटेपर्यंत कपाट आवरून झालेलं असतं.

जहाजवाल्याची बायको म्हणून माझ्या वाट्याला काय आलं, तर फोन. जहाज बंदराला लागलं की कप्तान बाहेर पडून फोन करायचे आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘आपण जाऊ तेव्हा.’ आपण जाऊ तेव्हा एक दिवस आधीच त्या शहरात पोचू, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. आपण जाऊ तेव्हा पहिल्याच संध्याकाळी जहाज वरपासून खालपर्यंत पायी फिरून घेऊ, म्हणजे नंतर चुकायला होत नाही. प्रत्येक फोनला एक नवी गोष्ट. दुसऱ्यांचे नवरे दागिने घडवतात, माझ्या नवऱ्याने मला हे दिलं, आणि मी ते दागिन्यांसारखंच जपलं.

त्यात सगळ्यांत मोलाचं होतं ते बाक. जहाजाच्या अगदी शेपटीकडे, दोरखंडांच्या जाडजूड वेटोळ्यांच्या आड, एक लोखंडी बाक होतं. पाळी संपली की कप्तान तिथे जाऊन बसायचे. समोर फक्त पाणी आणि पाण्यावर जहाजाने मागे सोडलेली पांढरी वाट. दोघंच मावतील एवढं ते बाक. आपण जाऊ तेव्हा सकाळी चहा घेऊन तिथे बसायचं, असं ते म्हणायचे, आणि इकडे मी फोनचा रिसीव्हर कानाला लावून तिथे बसून यायचे. हे बाक त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. पुढे त्यांचे गुडघे बिघडले, नोकरी सुटली, दुकान आलं आणि जायचं राहून गेलं. पण राहून गेलं म्हणजे रद्द झालं, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग धाकट्या वन्संना, म्हणजे कप्तानांच्या बहिणीला, क्रूझ लागली. लागलीच म्हणायची. त्यांच्या यजमानांचं रंगाचं दुकान आहे, आम्ही त्यांना रंगवालेच म्हणतो. त्यांनी कंपनीचे डबे ठरल्यापेक्षा जास्त खपवले म्हणून कंपनीने नवराबायकोला जहाजाची सहल बक्षीस दिली, आणि जहाज नेमकं कप्तानांचंच. ऐकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच कशाला लपवू? ज्या बाईला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं ती समुद्रावर निघाली, आणि जिचा नवरा सोळा वर्षं जहाजावर होता ती इथे लोकांच्या शर्टांची तुटकी बटणं शिवतेय.

रविवारी दोघं आमच्याकडे आली. वन्संनी फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि भावाला म्हणाल्या की तू नुसतं सांगत जा, मी नंतर सावकाश ऐकेन. कप्तानांना जहाजाबद्दल असं समोर बसून नीट कोणी विचारायची ही पहिलीच वेळ. ते खुर्चीत ताठ झाले, मानेवरून हात फिरवला. मी चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले.

एक दिवस आधी पोचा, कप्तान म्हणाले. ते माझं होतं. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पासपोर्ट, पोहायचे कपडे आणि एक बदलायचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. तेही माझंच. बॅगेला रंगीत फीत बांधा, सगळ्यांच्या बॅगा सारख्याच काळ्या असतात. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. समुद्रावरचं नेटवर्क खिसा कापतं, तेव्हा फोन विमानात ठेवतो तसा ठेवा. मधल्या बंदरावर उतरलात तर दिलेल्या वेळेच्या तासभर आधी परत या, आणि घड्याळ जहाजाचं बघा, फोनचं नाही. पहिल्याच दिवशी ताटावर तुटून पडू नका. आणि हात धूत राहा, कारण एकाला उलट्या सुरू झाल्या की अख्खा मजला आडवा होतो, आणि मग खाली लाँड्रीत काय काय येतं ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नाही.

वन्सं मान डोलवत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या कपाटातला एकेक कपडा काढून दुसरीच्या अंगाला लावून बघावा तसं ते चाललं होतं. कप्तानांचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

मळमळत असेल तर खोली खालच्या मजल्यावरची आणि मधली घ्यावी, असं कप्तान म्हणाले. खिडकी नसली तरी बिघडत नाही, तिथे जहाज सगळ्यांत कमी हलतं आणि भाडंही कमी पडतं. यावर रंगवाले हसले. आम्हाला वरची, पुढची, बाल्कनीवाली मिळालीय म्हणाले. कप्तानांनी छान आहे म्हटलं आणि मळमळीची गोळी जहाज सुटायच्या आधीच घ्यायला सांगितली. मग ते म्हणाले की शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला लावतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढून ठेवा. हे चाललं असताना रंगवाले खिडकीशी उभे राहून फोनवर कोणाला तरी डिस्टेंपरचा भाव सांगत होते. मी ते पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

“आणि हुक,” कप्तान म्हणाले.

जहाजातल्या खोल्यांच्या भिंती लोखंडी असतात, त्यांना चुंबकाचे हुक चिकटतात. खोली एवढीशी, त्यामुळे ओले कपडे टांगायला त्यांच्यासारखी सोय नाही. फार पूर्वी एका सुट्टीत कप्तानांनी असे चार हुक आणले होते, आपल्या खोलीसाठी म्हणून. तेव्हापासून ते आमच्या लोखंडी कपाटाला होते आणि त्यांच्यावर फडकी, चाव्या, माझी छत्री असं सगळं लटकायचं. ते काढून आण, असं त्यांनी मला वन्संसमोरच सांगितलं. मी गेले, चारही हुक उपटले आणि टेबलावर आणून तीन ठेवले.

चौथा कुठे गेला, असं कप्तानांनी विचारलं. सापडत नाही म्हटलं. तो माझ्या मुठीत होता आणि तळहाताला टोचत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ट्रेवरच्या रुमालाची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात वन्संनी विचारलं, “दादा, एखादी शांत जागा नाही का रे तिथे? आम्ही दोघंच बसू अशी?”

नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. सगळीकडे गर्दीच असते म्हणा. कप्तानांनी रुमालाचं टोक टोकाला जुळवलं आणि मग सगळं सांगितलं. शेपटीकडचं ते बाक, ती वेटोळी, पाण्यावरची वाट. बाक ओलसर असतं, तेव्हा टॉवेल न्या, हेसुद्धा. मला कधीतरी बोलले होते तेच शब्द, त्याच क्रमाने.

मी आत जाऊन कपबशा विसळायला घेतल्या. राग होताच, पण रागाखाली आणखी काहीतरी होतं आणि ते जास्त बोचत होतं. माणूस आपली ठेवणीतली वस्तू दुसऱ्याला कधी देतो? आपल्याला ती आता लागणार नाही हे पक्कं झाल्यावर. म्हणजे आम्ही जाणार नव्हतो. कप्तानांनी ते मनाशी ठरवून टाकलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

वन्सं गेल्या आणि मी कप्तानांशी कामापुरतं बोलायला लागले. निळा शर्ट कोणाचा, भात वाढू का, एवढंच. त्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून, मी दोनदा काही नाही म्हटलं. मग बंदराबंदरावरून फोटो यायला लागले. वन्सं बाल्कनीत, वन्सं गॉगल लावून, वन्संच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती. तसला हत्ती कप्तान मला डोळे मिटून करून देतील, पण तो आमच्या पलंगावर होणार, त्याचा काय उपयोग? प्रत्येक फोटो मी बोटांनी मोठा करून बघायचे. मागे कुठे दोरखंड दिसतात का ते शोधायचे. दिसले नाहीत, पण त्याने बरं वाटेना. जिथे मनापासून बसतात तिथे कोण फोटो काढतं, असं वाटायचं.

परत आल्यावर दोघं पुन्हा आमच्याकडे आली. वन्सं छान रापल्या होत्या, जहाजावरच्या माणसाने दिसावं तशा. दादाने सांगितलेलं सगळं कसं उपयोगी पडलं ते त्या सांगत होत्या. रेकॉर्डिंग तेवढं ऐकायचं राहून गेलं होतं, त्यामुळे शेवटच्या सकाळी रंगवाल्यांना झोपायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात सगळ्या जगासमोरून उतरावं लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून आले. परत आले तर वन्सं म्हणत होत्या की अगं वहिनी, ते हुक बघ, तिथेच भिंतीला राहिले.

माझं हसू जागच्या जागी जिरलं. आता मात्र मला राहवेना.

“आणि बाक?” मी विचारलं. “बाकावर बसलात का?”

“कुठलं बसतोय,” वन्सं म्हणाल्या. “शोधत गेलो, तर तिथे साखळी लावलेली. वर पाटी, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. पलीकडे बाक दिसत होतं, पण एक माणूस धावत आला आणि त्याने आम्हाला मागे फिरवलं. दादा, तू कसा जायचास रे?”

“मी खालच्या जिन्याने जायचो,” कप्तान म्हणाले.

आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. साखळी प्रवाशांच्या बाजूला होती. हे कायम लाँड्रीतून वर चढून त्या बाकापाशी निघायचे, मागच्या अंगाने. ती साखळी आणि ती पाटी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. सोळा वर्षांत त्यांना तिथे कोणी अडवलं नाही, म्हणून त्यांना वाटलं तिथे कोणीही बसतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतका झाला की वन्संच्या चहात मी साखर दोनदा घातली. बाल्कनी असेल त्यांच्या नशिबात, बाक नव्हतं.

ती दोघं गेल्यावर कप्तान दुकानात जाऊन कामाला लागले. मी थोड्या वेळाने डोकावले, तर एकच शर्ट पुन्हा पुन्हा यंत्राखाली जात होता. कॉलर आधीच कडक झाली होती.

“तुला नेलं असतं, तरी तिथे बसवता आलं नसतं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “इतकी वर्षं मी नुसतं सांगत राहिलो.”

तो फिकट चेहरा बघून माझा सगळा आनंद उतरला. पण राग होता तिथेच होता, आणि तो आता बाहेर पडला.

“वन्सं तिकीट घेऊन गेल्या, त्यांना बसता आलं नाही,” मी म्हटलं. “मी तिकिटाशिवाय सोळा वर्षं बसलेय तिथे. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही ते उचलून दुसऱ्याला देऊन टाकलंत. आपलं जाणं होणार नाही असं ठरवलं होतंत, तर ते आधी मला सांगायचं होतं.”

कप्तानांनी यंत्र बंद केलं. वाफ थांबली. मग म्हणाले की गुडघे हे असे, दुकान हे असं, आणि तसली बाल्कनी काही आपल्याला परवडायची नाही.

“बाल्कनी मागितली कोणी?” मी म्हटलं. “खालची, मधली, बिनखिडकीची. तिथे जहाज कमी हलतं. तुम्हीच सांगितलंत, मी दारात उभी होते.”

मी कमरेच्या पिशवीतून चौथा हुक काढला आणि यंत्राच्या लोखंडी अंगाला लावला. तो टक्कन चिकटला. कप्तान त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो शर्ट काढून टेबलावर पसरला आणि एक बाही आत दुमडली.

“एका हुकावर दोघांचे कपडे कसे मावायचे?” त्यांनी विचारलं.

“हुकावर माझे टांगू,” मी म्हटलं. “तुमच्या कपड्यांची तुम्ही घडी घाला.”