होळीपासूनची उष्णता

होळीनंतर मला शौचाला रक्त पडायला लागलं आणि मी घरात सांगितलं, उष्णता झालीय. लालबागच्या आमच्या चाळीत उन्हाळ्यात एवढं सांगितलं की पुरतं. डोळे जळोत, तोंड येवो, घोळणा फुटो, सगळी उष्णताच. ताक पी, सब्जा घे, म्हणतात आणि पुढे कोणी काही विचारत नाही. मला तेच हवं होतं.

भीती एकच होती. माझे मामा दोन वर्षं मूळव्याध मूळव्याध म्हणत राहिले आणि निघाला आतड्याचा कॅन्सर. रोज सकाळी रक्त दिसलं की मला मामा आठवायचे आणि मी घाईघाईने पाणी ओतायची. डॉक्टरकडे गेलं तर कळेल, म्हणून जायचंच नाही, असला माझा शहाणपणा.

त्यात चाळीचे संडास. मजल्यावर चार, त्यातला एक कायम बंद. सकाळी बाहेर रांग, आत मी, दारावर थापा. दिवसभर सगळ्यांच्या देखत पुन्हा पुन्हा बादली घेऊन जायला नको, म्हणून मी पाणीच कमी प्यायची. मे महिन्यात! अंगातून घाम निथळतोय आणि मी घोट मोजतेय. त्याने खडा धरायचा आणि रक्त आणखी वाढायचं. हे इतकं साधं मला डॉक्टरने सांगावं लागलं.

मे महिन्यात आमच्याकडे वर्षाचा मालवणी मसाला होतो. मिरच्या सासूबाई भाजतात, डंकावर कुटायला मी नेते, आणि त्याच दिवशी नव्या मसाल्यात कोंबडीची सागोती शिजते. ती पहिल्यांदा मी चाखायची. सासूबाईंचा माझ्या जिभेवर विश्वास आहे, बाकी कशावरच नाही. त्यांनी वाटी पुढे केली. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी रस्सा संपवला आणि वर म्हटलं, "झकास."

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली सगळं लाल. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अहो वहिनी, झोपलात काय आत?" मी भिंतीला धरून बसून राहिले. मग सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी सगळ्या रांगेला खालच्या मजल्यावर पिटाळलं आणि दाराला तोंड लावून हळूच विचारलं, "काय गो, रगात पडता?"

"हो."

"कधीपासून?"

"होळीपासून."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी मला हाताला धरून खोलीत आणलं. अकरा वाजता टॅक्सी करून मला परळला एका बाई डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि शेजारी बसून राहिल्या.

डॉक्टरने तपासलं, मग विचारत गेली. रक्त लालभडक की काळपट? लालभडक. वेगळं थेंब थेंब पडतं की शौचात मिसळलेलं असतं? थेंब थेंब. जेवण जातं? वजन उतरलंय? मी मामांचंही सांगून टाकलं.

"मूळव्याध आहे," ती म्हणाली. "मामांमुळे आतून एक तपासणी करून घेऊ, पण मला तसं काही वाटत नाही. पाणी भरपूर प्या, कोमट पाण्याच्या टबात बसा, इसबगोल घ्या, तिखट बंद."

मला एकदम रडू आलं. इतके दिवस उगाच मरत होते मी. डोळे पुसत मी पर्स आवरायला लागले.

"आणि रगात मिसळलेला असला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणाला होतंय, आजी?"

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या दंडाकडे बघितलं. त्यांची पोलकी दोनदा मीच शिवून आत घेतली होती. उन्हाने जेवण जात नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, उष्णता असेल.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही जरा आत या."