खरखर कुठून येत होती

रोज सकाळी सात वाजता मी हॅम रेडिओ लावतो. केरळातला एक निवृत्त बोटचालक तिकडून माझ्याशी हिंदीत बोलतो. आमची कधी भेट झालेली नाही, पण त्याच्या गुडघेदुखीपासून माझ्या शेतातल्या हळदीपर्यंत सगळं एकमेकांना ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा आवाज खरखरीत बुडायला लागला. रिसीव्हर उघडून मी सैल झालेले सांधे पुन्हा झाळले. अँटेनाची तार घरापासून लांब, लिंबाच्या झाडावर नेली. थोडा फरक पडला, पण खरखर गेली नाही.

मग एका सकाळी रेडिओ बॅटरीवर घेतला आणि बायकोला घराचा मेन स्विच बंद करायला सांगितलं. खरखर एकदम थांबली. म्हणजे खोट घरातच होती. सगळे प्लग काढून मेन स्विच पुन्हा चालू केला आणि ती एकेक वस्तू लावत गेली. तिची कानाची मशीन सकाळी चार्जिंगला ठेवलेली असते, त्यामुळे तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हातानेच खुणा करत होतो. फ्रिज, इन्व्हर्टर, दिवे, कशानेच काही झालं नाही. शेवटी तिने आपल्या मशीनचा चार्जर लावला आणि खरखर परत आली.

मी मान हलवून 'नाही' म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चार्जर काढला.

"काहून खोटं बोलून राहिले?" ती म्हणाली. "सकाळी लावत न्हाई मी. तुमचं बोलणं होऊ द्या."

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "तुझं ऐकणं बंद करून मी कोणाचं ऐकू?"

चूक माझीच होती. चार्जरचा मूळचा अडाप्टर बिघडला, तेव्हा बाळापूरच्या बाजारातून स्वस्तातला मीच आणला होता. नांदेडला जाऊन चांगला आणला. जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीवरचं, खरखर अडवणारं फेराइटचं कडं काढून चार्जरच्या तारेचे सात-आठ वेढे त्यावर घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चार्जर चालू असतानाच मित्राचा आवाज स्वच्छ आला. मी हेडफोन तिच्या कानांना लावला आणि आवाज वाढवला. तो वहिनींचे कान कसे आहेत, असं विचारत होता. ती ऐकत राहिली. मग मोठ्यांदा म्हणाली, "बरे हायेत म्हणाव."

मी निरोप सांगायला माइक उचलला, तर त्याचं बोलायचं बटण तिच्या हाताखाली आधीपासूनच दाबलेलं होतं. तिने ते सोडल्यावर हेडफोनमधून त्याचं हसणं मलाही ऐकू आलं.