बासुंदीची वाटी

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीतला खून मला मारुंजीत, घरमालकांच्या स्वयंपाकघरात भाकरी खाताना सुचला. कंपनीतून दमून आले की काकू हाक मारायच्या आणि मी आयत्या जेवणाला कधी नाही म्हणत नाही. खाता खाता त्या घरातलं सगळं सांगायच्या. त्यांच्या नणंदेनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून भावाला, म्हणजे काकांना, सही दिली होती. पुढं आयटी पार्क वाढत आलं, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि लोकांनी तिचे कान भरले. काही वर्षं ती माहेरी फिरकलीच नाही. आत्ता कुठं भाऊबीजेला यायला लागली होती.

मला खुनासाठी कारण हवं होतं, ते ताटात वाढून मिळालं. माझ्या कादंबरीतली बहीण सही द्यायला नकार देते आणि भाऊबीजेला भाऊ तिच्या बासुंदीत विष घालतो. मी गाव बदललं, माणसांचे धंदे बदलले. बासुंदी तेवढी राहू दिली, कारण काकूंच्या हातची मला फार आवडते. एवढी माझी अक्कल.

पुस्तक आलं तेव्हा काकूंना माझ्याहून जास्त आनंद झाला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी हौसेनं माझ्याकडून प्रती घेऊन पाहुण्यांत वाटल्या, नणंदेलाही दिली. मला तेव्हाच धस्स झालं होतं, तरी मी गप्प बसले.

यंदा भाऊबीजेच्या जेवणाला मीही होते. ओवाळून झालं, पानं वाढली. नणंदबाईंनी पुरीभाजी खाल्ली, पण बासुंदीला हात लावला नाही.

"का वं, गोड न्हाई झाली का?" काकूंनी विचारलं.

"नगं वहिनी. पोट बरं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी हात लांबवून बहिणीची वाटी उचलली, दोन घोट घेतले आणि ती परत तिच्यापुढं ठेवली. म्हणजे पुस्तक त्यांनीही वाचलं होतं.

"घे आता," ते म्हणाले.

तिनं वाटी तोंडाला लावली आणि रडत रडत संपवली. काकूंना काही उमगेना. त्या पातेलं घेऊन माझ्याकडं वळल्या.

"तुमी तरी घ्या की ताई. तुमाला आवडती न्हवं?"

काका खाली मान घालून जेवत होते. मी वाटी पुढं केली.