चार वाजेपर्यंत लाल

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक नळाला अडकवून दुसरं पिळत होते, तेवढ्यात फोन वाजला. नणंदेचा. बावीस वर्षांत वन्संनी मला स्वतःहून फोन केलेला नाही. निरोप असला तर चिठ्ठी लिहून फ्रिजला चिकटवतात.

"दादा वर चढला का?"

"चारला चढणार. तुमच्याच मेसेजात आहे ना, चार वाजेपर्यंत लाल."

वन्सं म्हणाल्या, "तो माझा फोन घेत नाही. वहिनी, तुम्ही जा. त्याला चढू देऊ नका."

वन्सं हवामानाच्या कचेरीत आहेत. पुढच्या काही तासांत कुठे वादळ, कुठे मुसळधार, कुठे जीवघेणं ऊन, हे दर फेरीला लिहून द्यायचं आणि त्याला रंग लावायचा: पिवळा, नारिंगी, सगळ्यात धोक्याचा लाल. तोच मेसेज भागातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. लग्न केलं नाही. जेवतात उभ्यानेच. प्रार्थनेला कधी बसल्या नाहीत. उद्याचं देवाला ठाऊक, असं मी म्हटलं की म्हणतात, "उद्याचं राहू द्या, मला साडेपाचचं विचारा." अशा माणसाशी बोलणार काय? गल्लीत त्यांना वादळबाई म्हणतात. कोपऱ्यावरची फळवाली रोज टोचते, "वादळबाई, आज छत्री घेऊ की टोपी?" "डोकं घ्या," म्हणतात आणि चालू लागतात.

ह्यांचं काम जाहिरातींचे मोठे फलक लोखंडी सांगाड्यावर चढवण्याचं. गेल्या आठवड्यात बहिणीच्या शब्दावर ह्यांनी माणसं खाली उतरवली, आणि आली ती नुसती धूळ. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिणीला विचारून चढतोस. जेवतोस तेही विचारूनच का?" घरी येऊन ह्यांनी तिला सांगून टाकलं, यापुढे तुझं भाकीत माझ्या कानावर नको. आज नववा दिवस. मीठ हवं असलं तरी दोघं माझ्याकडे मागतात.

"चारनंतर ऊन संपतं, मग अडचण काय?" मी फोनवर विचारलं. माझाही आवाज चढलाच होता.

"साडेचारनंतर वादळ आहे. ते नारिंगी. एका भागाला एकच मेसेज जातो, त्यात एकच रंग, सगळ्यात वरचा. उन्हाचा लाल गेला, वादळ कागदावरच राहिलं. चारला लाल उतरला की लोक कामाला लागतात."

"मग आता पाठवा दुसरा."

"साहेब सही देत नाहीत. लागोपाठ दोन रंग गेले की लोक गोंधळतात म्हणे. सहाच्या फेरीत बघू म्हणतात. सहा महिने लिहून देतेय मी. वहिनी, हा फोन नोंदला जातोय. घरच्यांना कळवायची आम्हाला बंदी आहे. बोलत बसू नका."

खरं सांगायचं तर मला विश्वास नव्हता. पण निघाले. चौक दोन थांबे लांब, बस नाही. डांबर इतकं मऊ झालं होतं की चप्पल उचलताना चिकटत होती. पोचले तेव्हा हे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते, कमरेला दोर. दोर बांधायचं काम ह्यांचं. हे वर नसले तर बाकीचे दोघे चढत नाहीत. मुकादम सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

"घ्या, आज वहिनी आल्या," तो म्हणाला. "उद्या आत्याबाईंना पाठवतील."

"घरी जा," हे वरून म्हणाले.

"खाली या."

"तिने पाठवलं?"

हो म्हटलं असतं तर हे आणखी दोन पायऱ्या वर गेले असते. स्वभाव मला ठाऊक आहे. मी पदर तोंडाला लावला, "चक्कर येतेय," म्हटलं आणि रस्त्यावरच बसले. त्या उन्हात कुणाला संशय येणार?

हे शिव्या देत उतरले. मुकादमही देत होता. "झालं, चार वाजता कुटुंबाचा दवाखाना." समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात मला नेऊन बसवलं, डोक्यावर पाणी मारलं. मी डोळे मिटून होते आणि घड्याळ ऐकत होते. वादळ आलं नाही तर काय सांगायचं, हाच विचार. पावणेपाच झाले. हे दोनदा उठले, दोनदा मी हात धरला.

मग दुकानदाराने एकदम शटर ओढलं. पुढची दहा मिनिटं कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. शटर वर केलं तेव्हा फलक फाटून तारांवर लोंबत होता, शिडी रस्त्याच्या पलीकडे पडली होती आणि सांगाडा वरून वाकला होता. मुकादम शेजारच्या दुकानातून बाहेर आला. आपली खुर्ची शोधू लागला.

"चक्कर खरी होती?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

संध्याकाळी वन्सं घरात आल्या तशा हे म्हणाले, नऊ दिवसांतलं पहिलं वाक्य, "तुझ्या मेसेजमुळेच मी चढत होतो."

"हो," वन्सं म्हणाल्या.

आभार कुणी मानले नाहीत. फळवाली मात्र दारात आली; चौकातली बातमी गल्लीत पोचली होती. तिची गाडी उलटली होती, दंडाला पट्टी होती. "भावाला फोन, आणि आम्हाला मेसेज," एवढंच म्हणाली. टोपी-छत्री काही नाही. त्या दिवशी वन्सं उभ्यानेही जेवल्या नाहीत.

हे परवाचं. आज कचेरीचं पत्र आलं: जाहीर न झालेला अंदाज नातलगाला का कळवला, लेखी खुलासा द्या. हे म्हणाले, "चूक झाली म्हणून लिही, सुटशील. नोकरीची तीन वर्षं राहिलीत." वन्संनी ऐकलं आणि चारच ओळी लिहिल्या. मी वाचल्या: "फोन मी केला. तो सगळ्यांना करायला हवा होता. एका मेसेजात दोन रंग जावेत, असं मी सहा महिने लिहून देत आहे. तारखा सोबत जोडल्या आहेत."

ह्यांनी कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला. फाडतील असं मला वाटलं होतं.

मी खोटं बोलले, त्याची देवाजवळ क्षमा मागितली. मागताना मन लागलं नाही. वन्सं मला अजून आवडत नाहीत, तेही इथे लिहून ठेवते.

उद्या सकाळी त्या कोपऱ्यावर जाऊन खुलाशाच्या दोन झेरॉक्स काढतील आणि दहा वाजता कागद साहेबांच्या टेबलावर द्यायला जातील.