हुदाची बाटली

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. हे माहीत नाही. आईलाही नाही. आज तुम्हाला सांगायचं म्हणून बसलेय — आणि एवढ्यात दोनदा उठून चहा ठेवून आले.

हुदा जॉर्डनची. शिकून डॉक्टर झालेली, हुशार, माझ्यापेक्षा कितीतरी नीटनेटकी. तिच्या आणि आमच्या विद्यापीठात करार होता — अरब देशांतल्या मुलींनी इथे येऊन संशोधन शिकायचं. पहिलं वर्ष चांगलं गेलं की दुसरं मिळायचं. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी पीएचडी करत होते, म्हणून तिला लॅबमध्ये शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ती मला ‘टीचर’ म्हणायची. मी वरवर चिडायचे.

आमचं दोघींचं ठरलेलं होतं. दिवाळीत माझ्या पेशी तिने सांभाळायच्या, ईदला तिच्या मी. डिशमधल्या पेशींचं खाद्य — आम्ही त्याला मीडिया म्हणतो — दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, सण असो की सुट्टी. तिच्या पेशी कॅन्सर झालेल्या बायकांच्या होत्या. सात महिने जपलेल्या.

ईदला मी गेले. फ्रिजमध्ये दोन बाटल्या शेजारी शेजारी, एक तिची, एक माझी. माझ्या मीडियात माझ्या प्रयोगाचं औषध होतं, तिच्या पेशींना विषच ते. कानात हेडफोन, त्यावर आईच्या गप्पा. बाटलीवरचं नाव मी वाचलं का? — नाही वाचलं.

दोन दिवसांनी हुदा मायक्रोस्कोपवरून उठेना. सगळ्या पेशी मेल्या होत्या. मी फ्रिज उघडला. तिची बाटली भरलेली, माझी अर्धी. मला कळलं. आणि मग — इथे माझा हात अडतोय — मी तिची बाटली सिंकमध्ये अर्धी ओतून टाकली, तीच वापरली असं दिसावं म्हणून.

“ईदच्या घाईत मीच मीडिया चुकीचा बनवला असणार,” हुदा म्हणाली. माझी सुट्टी वाया घालवली म्हणून रडत माझीच माफी मागितली तिने. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कसा फिरवला असेल?

पुढे वर्षअखेरीस तिच्याबद्दलचा फॉर्म माझ्याकडे भरायला आला. ‘स्वतंत्रपणे काम करू शकते का?’ ‘हो’ लिहिलं असतं तर गाईडने विचारलं असतं — मग पेशी मेल्या कशा? मी ‘नाही’ लिहिलं. तिला दुसरं वर्ष मिळालं नाही. मला भीती तरी कसली होती? गाईड चिडले असते, चार दिवस बोलले नसते. बस, एवढीच.

एअरपोर्टच्या बसपर्यंत सोडायला मीच गेले. तिने माझ्या हातात खजुराच्या बिस्किटांचा डबा ठेवला. मी तो घरी आणून खाल्लासुद्धा.

आता मी अमेरिकेतच, नोव्हाय नावाच्या गावी असते. हुदाचं संशोधन सुटलं ते सुटलंच. तिकडे एका कॉलेजात मुलींना शिकवते. दर ईदला तिचा मेल येतो. यंदाचा नवऱ्याने मोठ्याने वाचला. “यार, किती मानते ही तुला!” तिने लिहिलं होतं, पहिल्याच तासाला ती मुलींना आपली चूक सांगते — सणाच्या घाईत बनवलेल्या एका बाटलीची. आणि हेही सांगते, की तिच्या टीचरने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही.

मी उत्तर पाठवलं, ‘ईद मुबारक.’