चाकात पाणी शिरतं कुठून

चाकाच्या मधली टोपी काढली आणि आतलं ग्रीस बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्याभरापूर्वी मी स्वतःच्या हाताने तिथे लालसर, चिकट ग्रीस ठासून भरलं होतं. आता त्या जागी ताकासारखं पांढरट काहीतरी बसलं होतं. बोटावर घेतलं तर ओघळून मनगटापर्यंत आलं. ग्रीस असं पांढरं होतं ते एकाच कारणाने, आत पाणी शिरलं म्हणून. पाऊस जाऊन तर कितीतरी दिवस झाले होते. मी हातातला पाना भिरकावला, तो पडवीच्या पायरीवर जाऊन आदळला. आतून वहिनीने डोकं बाहेर काढलं, माझं तोंड बघितलं आणि परत आत घेतलं.

ट्रेलर माझा. मुंबई-गोवा रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा पोलादपूरच्या अलीकडे कुणा ठेकेदाराच्या साहेबाला झोपायला म्हणून ही पत्र्याची खोली आणलेली. दोन चाकं, एक खिडकी, आत एक फळी. काम पुढे सरकलं, साहेब गेला, खोली गवतात पडून राहिली. नवऱ्याशी फाटलं आणि मी डोंगरावर कुडपणला माहेरी आले, तेव्हा अंगावरचं होतं नव्हतं ते मोडून मी ती घेतली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी आत शेगडी बसवली, कट्टा केला, खिडकीला बाहेरून उघडणारी फळी लावली. दर शनिवार-रविवार पाचाडला नेऊन लावायची, रायगड बघून उतरणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी आणि झुणका करून घालायचा, रात्री आतल्या फळीवर झोपायचं. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. भावाच्या घरात मी राहते, पण त्या खोलीच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला असते.

ओढायला मात्र भावाची जीप लागते. भाऊ माझ्याहून धाकटा. आठवडाभर पोलादपूरच्या सवाऱ्या मारतो आणि शुक्रवारी ट्रेलर खाली नेतो. नेतो म्हणजे उपकार करतो. ते उपकार तो विसरू देत नाही.

बेअरिंगचं काम मी महाडला शिकले. ट्रेलर घेतला तेव्हा चाकं कुरकुरत होती. गॅरेजवाल्याने सकाळी बोलावलं आणि दिवसभर बसवून ठेवलं, मोठ्या गाड्या आल्या की माझं काम बाजूला. मी तिथेच टायरवर बसले आणि तो काय करतो ते बघत राहिले. त्याला ते आवडलं नाही. 'ताई, तुम्ही बाजारातून फिरून या ना,' असं तो पुनःपुन्हा म्हणाला. मी हलले नाही. घरी आल्यावर दुसरं चाक मी खोललं.

काम किचकट आहे, अवघड नाही. जॅक लावून चाक काढायचं. टोपी, पिन, नट काढला की चाकाचं मधलं लोखंडी घर, ज्याला हब म्हणतात, ते आपल्याकडे ओढायचं. त्याच्या पाठीमागे रबराचं कडं असतं, ते सील. बाहेरचं पाणी-धूळ आत येऊ द्यायची नाही आणि आतलं ग्रीस बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. एकदा उपटलेलं सील परत धड बसत नाही, म्हणून नवीन घालायचं. बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं, पुसून पुरतं सुकवायचं, एकेक रोलर फिरवून बघायचा. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, पलीकडून रोलरांच्या फटीतून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. नुसतं वरून फासलं तर काही उपयोग नाही. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. शेवटी सील लाकडाच्या ठोकळ्याने चारी बाजूंनी सारखं ठोकून बसवायचं आणि नट आवळताना चाक फिरवत राहायचं.

हे सगळं मी करत असताना भाऊ पडवीत बसून चहा पीत असे. 'आवळलंस का गो नीट? का नुसतं हळदीकुंकू लावून ठेवलंस?' हसायचा. त्याने आयुष्यात एकदाही हब उघडलेला नाही. दसऱ्याला जीपला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, तेवढीच त्याची देखभाल. पण सल्ला द्यायला पुढे.

आबा मात्र काही बोलत नसत. आबा म्हणजे आमचे वडील. गुडघे गेल्यावर त्यांनी बैलांची शेवटची जोडी विकली आणि त्यानंतर त्यांच्या हातांना काही काम उरलं नाही. ट्रेलर गोठ्याच्या बाजूलाच उभा असतो. ते सकाळी उठून त्याचा पत्रा फडक्याने पुसत, चाकांना लागलेला चिखल काटकीने काढत. शुक्रवारी जीपमध्ये बसून भावाबरोबर पाचाडला येत, कांदे चिरून देत. मला त्यांचं बरं वाटायचं. म्हातारं माणूस कशात तरी रमलंय, असं मी म्हणायचे.

दिवाळीनंतर पहिला दणका बसला. पोलादपूरच्या पुढे डावं चाक डुगडुगायला लागलं. जीप थांबवून बघितलं तर बेअरिंगचा चुरा झालेला, चाक नुसतं नटावर लटकत होतं. मी तिथे नव्हते. शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी पुढे महाडला जाते, भाजी-पीठ-गॅस घेऊन ठेवते आणि दुपारी हे लोक मला बाजारातून उचलतात. भावाचा फोन आला तेव्हा मी वांगी निवडत होते. फोनवरच तो एवढा ओरडला की भाजीवालीने मान वर केली.

'तुझ्या हातचं काम हाय हे! घाटात निखळलं असतं तर? मेलो असतो आम्ही दोघं!'

त्यात तो खोटं बोलत नव्हता. मी रात्री झोपले नाही. काय चुकलं असेल ते डोक्यात पुनःपुन्हा खोलून बघितलं. पुन्हा नवीन बेअरिंग, नवीन सील आणलं, दोन्ही चाकं भरली. भाऊ पायरीवर उभा राहून म्हणाला, 'ताय, हे शेवटचं. परत असं झालं ना, तर मी हा डबा इकणार. महाडला एक जण मागतोय, कोंबड्या ठेवायला.'

कोंबड्या. माझ्या कट्ट्यावर, माझ्या फळीवर कोंबड्या. मी म्हटलं, 'माझा ट्रेलर तू कसा विकशील?' तर म्हणतो, 'मग ओढ तू. बांध कमरेला.' वहिनी हसली. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि कुणाला ते कळलंही नाही.

म्हणून या वेळी वाट न बघता मी महिन्यातच चाक खोलून बघितलं आणि ते पांढरं ग्रीस निघालं. अजून रोलर शाबूत होते, पण कडेला गंजाची बारीक रेघ धरायला लागली होती. मी भावाला धरलं. 'तू ट्रेलर कुठे धुतोस? नळी मारतोस का चाकांवर?' तो म्हणाला, मुलांची शपथ, मी त्याला हातसुद्धा लावत नाही. आबा गोठ्याच्या दारात बसले होते, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि परत सुतळी वळायला लागले. मी चडफडत सगळं पुन्हा धुतलं, पुन्हा भरलं, पुन्हा नवीन सील ठोकलं. ठोकताना प्रत्येक घाव भावाच्या नावाने घातला.

पुढच्या शुक्रवारी सकाळची एसटी आली नाही. एसटी न येण्याला आमच्याकडे कारण लागत नाही. थांब्यावरचे सगळे शिव्या देत परत गेले. मी चरफडत जीपमध्ये मागे बसले, यांच्याबरोबर पहिल्यांदाच घाट उतरायला.

उतारावर ट्रेलर जीपला मागून ढकलायला लागला की त्याचे ब्रेक आपोआप लागतात. वळणं संपेपर्यंत ते लागतच राहतात. खाली येईस्तोवर मला जळका वास यायला लागला. घाट संपतो तिथे ओढा आहे आणि त्याच्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. भावाने कुणी न सांगताच जीप बाजूला घेतली, उतरून विडी पेटवली. रोजचंच असावं तसं. आबा सीटखाली वाकले, त्यांनी कळशी काढली. घरातली जुनी तांब्याची कळशी, जी मी कधीपासून शोधत होते. गुडघे धरत धरत ते ओढ्यात उतरले, कळशी भरली आणि ट्रेलरच्या चाकाकडे आले.

मला कळेपर्यंत त्यांनी ती तिरकी केली होती. मी ओरडले. असं ओरडले की पलीकडे म्हशी धुणारा माणूस उभा राहिला. धावत जाऊन मी कळशी हिसकावली, अर्धं पाणी माझ्याच साडीवर सांडलं.

'आबा, काय करतोयस?'

'तापलाय ना तो,' आबा गोंधळून म्हणाले. 'हात लावून बघ. थंड करतो दर वेळंला. बरं वाटतं त्याला.'

दर वेळेला! गरम तांब्या पाण्यावर उपडा घातला तर पाणी आत ओढून घेतो, हे चूल करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. तापलेल्या हबावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचून घेते. कितीही नवीन सील असो. मी रात्र-रात्र जागून स्वतःला दोष देत होते, नखांतलं ग्रीस निघेना म्हणून लोक माझ्या हातची भाकरी घेताना बोटांकडे बघत होते, आणि हा म्हातारा प्रेमाने माझी चाकं खलास करत होता.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबा कळशीविना उभे होते, हात लोंबत. ते माझं ऐकत होते, पण त्यांना कळत नव्हतं. हवा, सील, हे त्यांच्या कानांवरून जात होतं. त्याने मी आणखी भडकले.

'आबा, बैल नांगराचा सोडलास, घामाने निथळतोय, तोंडाला फेस आलाय. तसाच पाण्यात घातलास कधी?'

आबांनी मान वर केली. 'नाय बा. मरंल ना तो. सावलीत बांधायचा. घाम सुकला की मग पाणी.'

'मग हा कोण?'

ते चाकाकडे बघत राहिले. मग खाली बसले, रस्त्याच्या कडेलाच, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं तोंड मला बघवेना, म्हणून मी भावाकडे वळले.

'तू दर आठवड्याला बघत होतास. इथे उभा राहून विडी ओढत बघत होतास. मी तुला विचारलं, पाणी कुठून येतं. तू मुलांची शपथ घेतलीस.'

'मी कुठं खोटं बोललो? मी नव्हतो घालत. आबा घालत होता.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'त्यात काय सांगायचं?' तो म्हणाला.

त्यात काय सांगायचं. त्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून चालवून घेतलं, ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाठ वळवून हळू आवाजात बोलायला लागला. ओढ्याकाठी शांत असतं, सगळं ऐकू येतं. 'हो, निघालोय. महाडला थांबवतो गाडी. बघून घ्या तुम्ही आतून-बाहेरून. कोंबड्यांना जागा बक्कळ हाय.'

म्हणजे चाक मोडायची वाटसुद्धा बघायची नव्हती. एसटी आली असती तर मी बाजारात वांगी निवडत बसले असते आणि त्या माणसाने माझ्या फळीवर हात फिरवून बघितला असता. मी कळशीतलं उरलेलं पाणी ओढ्यात ओतून टाकलं.

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. ट्रेलरपाशी गेले, चाकाच्या मधोमध तळहात ठेवला आणि लगेच उचलला. पुन्हा ठेवला. बैलाच्या वशिंडावर ठेवत तसा.

'चल रे आबा, बस,' भाऊ फोन खिशात घालत म्हणाला. 'तो माणूस थांबलाय.'

'घाम सुकला नाय याचा,' आबा म्हणाले.

'चालताना सुकंल. बस.'

आबा जीपच्या समोर गेले आणि रस्त्यात, बंपरला पाठ लावून, खाली बसले. भावाने आत बसून हॉर्न वाजवला. आबा हलले नाहीत. त्याने पुन्हा वाजवला, लांबलचक.

'त्याला फोन लाव,' आबा मान न वळवता म्हणाले. 'सांग त्याला, जनावर माझ्या लेकीचं हाय. इकायचं नाय.'

शेवटी भावाने फोन काढला. मी ओली साडी पिळत ओढ्याच्या कडेला उभी होते आणि 'नाय, आता इकत नाय,' हे त्याचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. त्याने फोन ठेवल्यावरही आबा उठले नाहीत. मी जाऊन चाकाला हात लावला. अजून कढत होतं.

'नाय सुकला अजून,' मी म्हटलं, आणि जाऊन आबांच्या शेजारी बसले.